मोजमापाचं किट मागवलं आणि देव पाण्यात ठेवले

पाचपैकी तीन स्टार. साडेतीन द्यायचे होते पण अर्धा स्टार द्यायची सोय नाही म्हणून तीनच. कुठे कापले ते खाली सांगतो, थोडं लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी मी कोण ते सांगतो म्हणजे पुढची किटकिट कुठून येतेय ते कळेल. मी कोल्हापूरचा, शिरोली एमआयडीसीत एका मशीनशॉपला क्वालिटीत आहे. दिवसभर व्हर्नियर नाहीतर मायक्रोमीटर (एमएमच्याही बारीक भागांत माप घ्यायची हत्यारं) हातात, जॉब उचला, माप घ्या, शीटवर लिहा, खाली ठेवा. थोरली यंदा अकरावी सायन्सला गेली, धाकटा सातवीत. थोरलीचा फिजिक्सचा पहिलाच धडा एककं आणि मापनाचा, आणि प्रॅक्टिकलला सुरुवातच व्हर्नियर कॅलिपर आणि स्क्रू गेजनं. तिथं एका टेबलाला आठ पोरं आणि व्हर्नियर एक, तो हिच्या हातात अर्धा मिनिट आला आणि रिडिंग हिनं शेजारणीच्या वहीतनं उतरवलं. मला लई राग आला, म्हणजे क्वालिटीवाल्याची पोरगी आणि रिडिंग ढापते. कंपनीतला व्हर्नियर दोन दिवस घरी आणावा असं मनात आलं, पण कॅलिब्रेशनचं, म्हणजे माप तपासून घेतल्याचं, स्टिकर लावलेलं काही गेटबाहेर जाणार नाही हा नियम आमच्याकडे राबवतो मीच. मग एका रात्री ऑनलाइन शोधताना हे 'लांबी, क्षेत्रफळ, घनफळ' किट दिसलं, ११४९ रुपये, दोघांनाही उपयोगी पडेल म्हणून मागवून टाकलं.

बॉक्समध्ये काय येतं: ३० सेंटीमीटरची प्लास्टिकची पट्टी, ३ मीटरचा स्टीलचा टेप, व्हर्नियर, स्क्रू गेज, १०० एमएलचं प्लास्टिकचं मोजपात्र, चोच असलेला पत्र्याचा डबा (त्यात पाणी काठोकाठ भरून वस्तू बुडवली की सांडलेलं पाणी चोचीतून बाहेर येतं, तो), दहा ग्राफ पेपर, दोऱ्याची रिळ, चार गोट्या, एक लाकडी ठोकळा आणि मराठीत छापलेली चोवीस पानी पुस्तिका. पॅकिंग चांगलं, काही फुटलं नव्हतं. सामान बघून धाकटा म्हणाला पप्पा हे तर तुमच्या कंपनीचं दप्तर आहे.

पहिल्यांदा टेपबद्दल, कारण तिथल्या रिव्ह्यूंमध्ये एका माणसानं चक्क एक स्टार देऊन लिहिलंय की टेपच्या टोकाचा आकडा (हुक) हलतोय, रिव्हेट ढिले आहेत, डिफेक्टिव्ह पीस. अहो भाऊ, तो हलायलाच पाहिजे. आकड्याच्या पत्र्याची जेवढी जाडी तेवढाच तो पुढं-मागं सरकतो. टेबलाच्या कडेला अडकवून ओढलात तर आकडा बाहेर येतो, भिंतीला टेकवून खिडकीचं आतलं माप घेतलंत तर आत जातो, दोन्ही वेळा शून्य बरोबर जागेवर. ते रिव्हेट ठोकून घट्ट केलेत तर एका बाजूचं माप कायमचं चुकेल. आमच्या गल्लीतल्या सुताराला हे माहितीये, तो इंचाचे आठ सूत करून मोजतो आणि एमएमच्या नादाला लागत नाही, तरी त्याचं कपाट भिंतीत बरोबर बसतं. तर किटमधला टेप चांगला आहे, आकडा हवा तेवढाच हलतो, त्याला पैकीच्या पैकी.

पट्टीला मात्र नाही. माझ्याकडे अप्रेंटिस असताना घेतलेली स्टीलची पट्टी आहे, ती हिच्या शेजारी लावली. शून्याला शून्य जुळवलं आणि दुसऱ्या टोकाला बघितलं तर प्लास्टिकचे ३० स्टीलच्या २९.९ वर संपले. एक एमएमचा फरक. बायको म्हणाली एवढ्याशा फरकानं काय होतंय, आणि पोराच्या भूमितीच्या वहीपुरतं खरंच काही होत नाही. पण ही चूक वाईट जातीची आहे. १० सेंटीमीटरला एक तृतीयांश एमएम, २०ला त्याच्या दुप्पट, ३०ला पुरा एक, म्हणजे लांबीबरोबर वाढत जाते. पट्टीचं टोक झिजलेलं असतं तेव्हा आपण १ पासून मोजतो आणि शेवटी १ वजा करतो, मिटला विषय. इथे वजा काय करणार? प्रत्येक मापाला वेगळं. किट घरात आल्यापासून मी चुकांच्या दोन जाती लावल्यात, वजा करता येणाऱ्या आणि न येणाऱ्या, आणि हा रिव्ह्यूही त्याच हिशोबानं लिहितोय.

(पट्टी तपासायला ए-फोर कागद लावा असं कोणीतरी सांगेल, त्याची लांबी २९७ एमएम असते म्हणून. लावू नका. कागद कापताना त्या लांबीला २ एमएम इकडे-तिकडे झालेलं चालतं, तेव्हा पट्टी चुकली का कागद हे कळणारच नाही.)

आता व्हर्नियर. हा किटचा हिरो म्हणून फोटोत सगळ्यात मोठा दाखवलाय. स्टीलचा आहे, हातात वजन चांगलं लागतं, मुख्य पट्टीवर एमएमच्या खुणा, सरकत्या पट्टीवर दहा भाग आणि ते दहा भाग मिळून ९ एमएम, म्हणजे लीस्ट काउंट (वाचता येणारं सगळ्यात लहान माप) ०.१ एमएम. ही आयडिया पिएर व्हर्निये नावाच्या फ्रेंच माणसानं १६३१ साली छापली आणि अजून तिला तोड नाही, डोळ्याला जे दिसत नाही ते दोन पट्ट्यांच्या रेघा जुळवून दिसायला लावायचं. थोरलीला हे पाठ होतं. 'पप्पा, एमएसडी वजा व्हीएसडी' (मुख्य पट्टीचा एक भाग वजा सरकत्या पट्टीचा एक भाग) असं धडाधड म्हणून दाखवलं. म्हटलं ठीक आहे, जबडे मिटव आणि शून्य बघ.

जबडे मिटले तरी शून्यासमोर शून्य नाही. सरकत्या पट्टीचा शून्य थोडा उजवीकडे गेलेला आणि तिसरी रेघ जुळतेय. म्हणजे जबड्यात काही नसताना हा गडी ०.३ एमएम सांगतोय. ती म्हणाली पीस खराब आहे, रिटर्न करू. मी म्हटलं थांब, हे तर बरं झालं. आता हे तीन अधिक करायचे का वजा, सांग. इथे सगळी पोरं अडकतात, ही पण अडकली, सूत्रात 'धन शून्यांक त्रुटी' लिहिलंय पण त्या धनचं करायचं काय? तिला म्हटलं लक्ष्मीपुरीत भाजी घेताना काट्यावर रिकामं ताट आहे आणि आकडा ५० ग्रॅम दाखवतोय, तर तू काय करशील? म्हणाली भांडीन. बरं, भांडून झाल्यावर? म्हणाली वजनातनं ५० कमी करीन. मग झालं की, इथेही तेच.

दहाचं नाणं आणलं, रुपयाचं चिन्ह असलेलं, त्याचा व्यास २७ एमएम असतो. व्हर्नियर म्हणाला २७.३. तिनं तीन वजा केले, २७.० आले, आणि तिच्या तोंडावर जे हसू आलं ना, त्याचे तीन स्टारमधला एक स्टार. मग स्वतःहून पळत जाऊन बांगडी घेऊन आली, वरच्या उलट्या जबड्यांनी आतला व्यास घ्यायला. तिच्या बांगड्या 'दोन-सहा'च्या. आमच्या बायका वर्षानुवर्षं दुकानात दोन-चार, दोन-सहा म्हणत आल्यात आणि ते इंचातलं माप आहे हे मलाही आत्ता कळलं, दोन इंच आणि वर सहा सोळांश, म्हणजे ६०.३ एमएम. हिचं दुरुस्त करून ६०.४ आलं. काचेच्या बांगडीला एवढा फरक गुन्हा नाही.

मग स्टार कापले का? कारण दुसरी जात. स्क्रॅपमधली १० एमएमची डॉवेल पिन (नेमक्या मापाची गोल स्टीलची पिन) माझ्याकडे असते, ती जबड्याच्या मुळाशी धरली की दुरुस्त करून १०.० येतं, टोकाशी धरली की ९.८. सरकता जबडा मुख्य पट्टीवर ढिला आहे, अंगठ्यानं दाबलं की टोक मागं झुकतं. उजेडासमोर मिटवून धरलात तर दोन जबड्यांमध्ये टोकाकडे उजेडाची बारीक फट दिसते. हे काही वजा करता येत नाही, कारण तुम्ही किती दाबताय आणि वस्तू कुठे धरलीय यावर ते बदलतं. उपाय एकच, वस्तू जितकी आत धरता येईल तितकी आत धरा आणि हळू दाबा. पोरांना हे दाखवायला पीस उत्तम, पण विकत घेणाऱ्याला 'प्रिसिजन' म्हणून विकायला नको होता. खोली मोजायची मागची दांडीपण वाकडी आली होती, बोटानं सरळ केली.

स्क्रू गेजबद्दल जास्त लिहीत नाही. पीच (एका फेऱ्यात स्क्रू जेवढा सरकतो ते) १ एमएम, गोल पट्टीवर १०० भाग, ०.०१ एमएमपर्यंत वाचता येतं, शून्य बरोबर होतं. पण शेवटची रॅचेट (ठरावीक जोर झाला की टिक-टिक करून सुटणारी मूठ) टिक-टिक करतच नाही, नुसती फिरते, आणि रॅचेट नाही म्हटल्यावर कोण किती पिळतोय तसं रिडिंग. झेरॉक्सच्या एका कागदाची जाडी मी घेतली ०.१०, धाकट्यानं जोर लावून घेतली ०.०८, बायकोनं हळूच ०.११. तेव्हा वीस कागद एकत्र धरून मोजा आणि वीसनं भागा, रिडिंगमधली चूकही मग वीसनं भागली जाते. आणि स्क्रू नेहमी एकाच दिशेनं फिरवत आणा, पुढं गेला म्हणून थोडा मागं घेतलात तर आट्यांमधली मोकळीक रिडिंगमध्ये शिरते.

आता पुस्तिका. देवा रे. पान सातवर ठळक अक्षरांत '१ चौरस मीटर = १०० चौरस सेंटीमीटर'. अरे बाबांनो! शंभर गुणिले शंभर, दहा हजार. आणि घनमीटरचं तर दहा लाख घन सेंटीमीटर, म्हणजे १००० लिटर, गच्चीवरची एक हजार लिटरची टाकी ती. धाकट्यानं पुस्तिकेवर विश्वास ठेवून आमच्या हॉलचं क्षेत्रफळ काढलं आणि हॉल पोळपाटाएवढा आला तेव्हा आम्ही पान उघडून बघितलं. दुसरं म्हणजे मीटर अजून पॅरिसजवळ ठेवलेल्या प्लॅटिनम-इरिडियमच्या दांडीवर आहे असं लिहिलंय. ती दांडी १९६० साली रिटायर झाली, आणि १९८३ पासून प्रकाश निर्वात जागेत एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८व्या भागात जेवढं अंतर कापतो तो मीटर. अकरावीच्या पोरीला हे पाठ आहे आणि पुस्तिकेला नाही. भाषांतरही मशीननं केल्यासारखं, 'पेशीयुक्त कागद' म्हणजे ग्राफ पेपर हे समजायला मला चहा लागला.

आणि तो ग्राफ पेपर! धाकट्यानं जास्वंदीचं पान ठेवून कडेनं पेन्सिल फिरवली, चौकोन मोजले, पूर्ण ते एक, अर्ध्याहून जास्त तोही एक, अर्ध्याहून कमी ते सोडून द्यायचे, आले ७८. म्हणजे ७८ चौरस सेंटीमीटर. सवयीनं मी स्टीलची पट्टी त्या कागदावर टाकली तर दहा चौकोनांचे ९.८ सेंटीमीटर. कुठल्यातरी कागदाची झेरॉक्स काढलीय आणि मशीननं ती फिट करताना छोटी केलीय. आता गंमत बघा, लांबीत दोन टक्के कमी म्हणून क्षेत्रफळातही दोन टक्के कमी असं नाही, ते आडवंही कमी आणि उभंही कमी, तेव्हा जवळजवळ चार टक्के. ७८चे खरे ७५. हाच कागद घडी घालून डबा केला असता तर घनफळात सहाएक टक्क्यांचा फटका. आमच्या गावाकडं गुंठ्यावरून भाऊबंदकी होते ती उगाच नाही, गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट, साखळी दोन्हीकडे अर्धा-अर्धा फूट तोकडी धरली तरी तेहतीस फूट गेले की खिशातनं. सातबाऱ्यावर आता हेक्टर-आर असतं, १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठ्याहून किंचित कमी, पण बांधावर उभं राहून कोणी आर म्हणत नाही. असो. ग्राफची वही कोपऱ्यावरच्या दुकानातनं ४० रुपयांना आणली, तिचे दहा चौकोन बरोबर दहा. किटमधले दहा कागद रद्दीत.

घनफळाचं सामान मात्र या किटमधलं सगळ्यात भारी, आणि कंपनीनं त्याचा फोटोसुद्धा नीट टाकलेला नाही. मोजपात्रापासून सुरुवात करतो. प्लास्टिकचं आहे, पडलं तरी फुटत नाही, खुणा १-१ एमएलच्या. पाण्याची पातळी डोळ्यासमोर आणून बघायची आणि मधला खोलगट भाग जिथे टेकतो ते वाचायचं. काचेत हा खळगा चांगला ठळक दिसतो, प्लास्टिकला पाणी तेवढं चिकटत नाही म्हणून इथे पातळी जवळपास सपाट, नवशिक्याला वाचायला उलट सोपं. आमच्या आईला हे दाखवलं तर ती म्हणाली यात काय नवीन, आम्ही मापट्यानं धान्य घ्यायचो तेव्हा शीग लावून (काठावर ढीग करून) का सपाट ते आधी ठरवून घ्यायचो. तिच्या माहेरी चिपटं, मापटं, शेर, पायली सगळी भांडी होती, चार शेरांची पायली. देशात मेट्रिकचा कायदा १९५६ला झाला पण तिच्या आईनं पायली काही सोडली नाही. शिगेला पोचणं म्हणजे काय हे धाकट्याला त्या दिवशी कळलं, धान्याला वर शीग आणि पाण्याला मधे खळगा.

मोजपात्र तपासायचं तर घरचा किचन काटा पुरतो. काटा आधी तपासला, दहाची दहा नाणी ठेवली, ७७ ग्रॅम, बरोबर. मग १ एमएल पाणी म्हणजे १ ग्रॅम (उन्हाळ्याच्या पाण्याला शंभरात अर्ध्याएक ग्रॅमचाच फरक पडतो, सोडून द्या). ५० च्या खुणेपर्यंत पाणी ओतलं, काटा म्हणाला ४८. १०० पर्यंत, ९८. ३० पर्यंत, २८. मी खुश! बायको म्हणते चुकीचं भांडं आलंय आणि हा माणूस हसतोय. अगं सगळीकडे दोनच, म्हणजे खुणा सगळ्या मिळून थोड्या खाली छापल्या गेल्यात, ही वजा करता येणारी जात आहे.

आणि तरी याच दोन एमएलनं रविवारी घरात भांडण लावलं.

झालं असं, गोट्या बुडवून झाल्या, बटाटा झाला, मग थोरलीला काहीतरी वेडंवाकडं हवं होतं. सिराक्यूजच्या राजाच्या मुकुटाची आणि आर्किमिडीजची गोष्ट (सोनारानं सोन्यात केलेली भेसळ पाण्यात बुडवून पकडली, ती) धाकट्याला सांगून झाली होती, घरात मुकुट कुठला, देवघरात पितळेचा बाळकृष्ण आहे, आईच्या माहेरनं आलेला. आई म्हणाली देवाला कशाला बुडवताय, मग स्वतःच म्हणाली जाऊ दे, अभिषेक समजा, पण पाणी चांगलं घ्या आणि ते बटाट्याचं फेकून द्या. डबा धुतला, काठोकाठ भरला, चोचीतनं गळणारं शेवटचं थेंब-थेंब थांबेपर्यंत थांबलो. बाळकृष्ण काट्यावर, १८७ ग्रॅम. रिळातला दोरा कमरेला बांधून हळूहळू पाण्यात सोडला, हळू सोडायचा, धपकन टाकला तर लाटेनं जास्त पाणी जातं, चोचीखाली रिकामं मोजपात्र धरलं. आम्ही सगळे पाच जण डायनिंग टेबलाभोवती देव पाण्यात ठेवून बसलो, शब्दशः.

पाणी आलं २४ एमएल. थोरलीनं मोबाइलवर भागाकार केला, ७.८. आणि म्हणाली, पप्पा, पितळेची घनता ८.४ ते ८.७ असते, लोखंडाची ७.८७. हे पितळ नाही.

शांतता. आई म्हणाली, काय म्हणाली ती? बायकोनं मला डोळ्यांनी गप्प बस म्हणून सांगितलं. धाकट्यानं फ्रिजवरचं मॅग्नेट आणून बाळकृष्णाच्या पोटाला लावलं, चिकटलं नाही, तर म्हणतो लोखंड नाही पण मग आतून पोकळ असेल. आईचा चेहरा उतरलेला, तिच्या वडिलांनी कोल्हापुरात येऊन स्वतः घेतलेली मूर्ती, गोष्टीतल्या सोनाराला आपण हसतो पण स्वतःच्या घरातलं निघालं की कसं वाटतं.

आणि मग माझी ट्यूब पेटली. रिकामं मोजपात्र! अरे सकाळीच तर बघितलं होतं, हे भांडं २२ एमएल असताना २४ दाखवतं. दोन वजा करायचे राहिले. लांबीला वजा करायला शिकवणारा मीच, आणि घनफळाला विसरलो. पुन्हा केलं, यावेळी मोजपात्रात आधीच ३० च्या खुणेपर्यंत पाणी घेतलं आणि त्यातच चोचीचं पाणी धरलं. पातळी ५२ वर आली. ५२ वजा ३०, बावीस, आणि आधीच्या पाण्याला जे दोन चुकीचे तेच नंतरच्यालाही चुकीचे, वजाबाकीत आपोआप कटले. १८७ भागिले २२, साडेआठ. अस्सल पितळ! आई म्हणाली मला आधीच माहीत होतं, आणि बाळकृष्णाला पुसून, गंध लावून जागेवर ठेवलं, आणि वर लोण्याची वाटी. नाद खुळा.

तर ज्यांच्याकडे हे किट आहे किंवा येणार आहे त्यांनी एवढं करा, मोजपात्र कधीही रिकामं घेऊ नका, थोडं पाणी घेऊन सुरुवात करा आणि फरक काढा. आणि डब्याच्या चोचीबद्दल एक, पाणी चोचीच्या खालून वळून डब्याच्या अंगावरून ओघळतं, चहाच्या किटलीसारखं, आणि ते मोजपात्रात येतच नाही. चोचीच्या ओठाला खालून बोटभर तूप लावा, धार सुटी पडते. तूप महाग वाटत असेल तर व्हॅसलिन. हे पुस्तिकेत नाही.

धाकट्याला मग गुळाच्या खड्याचं घनफळ पाहिजे होतं, कोल्हापूरचं पोरगं, दुसरं काय सुचणार. पाण्यात विरघळणार म्हटल्यावर त्यानंच डोकं लावलं, तेलात बुडवू. डोकं बरोबर होतं, गूळ तेलात विरघळत नाही, पण बायकोनं डबाभर शेंगदाण्याचं तेल द्यायला साफ नकार दिला, तेलाचे भाव सांगितले, आणि प्रयोग तिथेच संपला. लिंबू तरंगतं म्हणून त्याला गोटी बांधून बुडवलं, आधी नुसत्या गोटीचं पाणी मोजून ते वजा केलं, तेवढं जमलं. परवा शेजारी बांधकामाला ट्रॉलीतनं क्रश सँड आली तर हा टेप घेऊन पळाला, दहा फूट बाय सहा फूट बाय दोन फूट, १२० घनफूट, शंभर घनफुटांचा एक ब्रास म्हणून भागिले १००, एक पूर्णांक दोन ब्रास. ड्रायव्हर म्हणाला सव्वा ब्रासचे पैसे ठरलेत. ओली वाळू फुगते, एका ब्रासमध्ये खरी वाळू कमीच भरते, हे सांगायला मी गेलो नाही.

घ्यावं का? सातवी-आठवीच्या पोराला असेल आणि तुम्ही सोबत बसणार असाल तर घ्या. अकरावीवाल्यांनी फक्त व्हर्नियरसाठी घेऊ नका, त्यापेक्षा थोडे पैसे घालून ०.०२ एमएमचा सुटा व्हर्नियर हार्डवेअरच्या दुकानात हातात धरून, उजेडासमोर मिटवून, फट बघून घ्या. ऑनलाइन फट दिसत नाही. पोराच्या हातात नुसतं किट आणि पुस्तिका देऊन बाजूला होणार असाल तर मात्र अजिबात घेऊ नका, तो एक चौरस मीटरचे शंभर चौरस सेंटीमीटर शिकून येईल.

विक्रेत्याला पट्टी, ग्राफ पेपर आणि पान सातबद्दल मेसेज टाकला होता. उत्तर आलं, 'प्रिय ग्राहक, उत्पादन काम करत असल्याचा व्हिडिओ पाठवा.' पट्टी काम करत असल्याचा व्हिडिओ कसा काढायचा हे मला अजून कळलेलं नाही, तरी दोन पट्ट्या शेजारी ठेवून काढला आणि पाठवला.

अपडेट, आठ दिवसांनी: नवीन पट्टी पाठवली, फुकट, त्याबद्दल आभार. स्टीलच्या पट्टीशेजारी लावून बघितली. हिचेही ३० तिकडे २९.९ वर संपतात.